डावी कूस

कूस उजवू दे म्हणून
सासूबाई गावदेवीला साडी बोलल्या,
आणि डॉक्टर काणेकर म्हणतात, डाव्या कुशीवर झोपत जा.
मी दोघींचं ऐकते.
एकतीस आठवडे, दोन दिवस.
खाली एक टाका, वर बीपीची गोळी,
मधे मी.

घणसोली. रात्रीचे दोन चाळीस.
रबाळ्याकडून कंपन्यांचा तो वास आलाय,
रात्रीच सोडतात मेले.
खिडकी लावायला उठले तेव्हा
पोट आवळलं.
दुखलं नाही. हे नीट सांगायला हवं, दुखलं नाही.
कुणीतरी आतून मूठ मिटावी
आणि विचार करून उघडावी, तसं.

लाइट बिलाच्या पाठीवर लिहिलं: २.४१.
दोन ग्लास पाणी. डावी कूस.
आणि जे यायला नको
त्याचीच वाट बघत पडून राहणं.

कंबर तर दुखतेच. ती कधी दुखत नाही?
पण आजचं दुखणं एका जागी बसत नाही,
मागून निघतं, पुढे येतं, परत जातं,
चहा न घेता घरभर फिरणाऱ्या पाहुण्यासारखं.
२.५४.
आणि खाली हे जड जड,
उंबऱ्यावर कुणी येऊन टेकल्यासारखं.
३.०५.

गॅस असेल.
गेल्या बुधवारी गॅसच होता.
चप्पल उलटसुलट घालून धावले होते,
ड्युटीवरची सिस्टर गालात हसली,
ओवा खा म्हणाली.
परतताना रिक्षावाल्यासमोरसुद्धा लाजले मी.

पण त्याच्या आधी, दोन वर्षांपूर्वी,
बाविसाव्या आठवड्यात,
जयेंद्रची सकाळची पाळी होती.
म्हटलं, झोपू दे, उजाडू दे.
उजाडलं.
त्या उजाडण्याबद्दल
आमच्या घरात अजून कुणी बोलत नाही.

फाइलच्या आतल्या बाजूला
काणेकर बाईंचं वाकडं अक्षर:
तासात चार वेळा आवळलं, तर या.
पाणी गेलं, डाग दिसला, बाळ गप्प वाटलं,
तर एकदाही मोजू नका, या.
आणि तोंडी म्हणाल्या होत्या,
दहा वेळा उगीच आलीस तरी
अकराव्यांदा तितक्याच नीट तपासेन.

३.१६.
चार.
तास अजून पुरा व्हायचाय.

"जयेंद्र."
तो उठला, शर्ट उलटा घातला, किल्ली शोधत म्हणाला,
"नक्की?"
मी म्हटलं, "नक्की नाही.
म्हणूनच."

सासूबाई दारात उभ्याच होत्या, पिशवी घेऊन.
कधीपासून जाग्या, कोण जाणे.
पोटावर हात ठेवला,
काढला नाही लवकर.
"चल गो," एवढंच.

ठाणे-बेलापूर रस्ता रिकामा.
सिग्नल पिवळे, मिटतात, उघडतात.
पावण्याला ३.२९. जयेंद्रला सांगितलं नाही,
त्याने माझ्या हाताकडे बघून ओळखलं
आणि गाडी आणखी हळू, आणखी नीट चालवली.

वाशी. पोटावर पट्टा.
कागद सरकतोय, त्यावर छोटे छोटे डोंगर,
आणि एका बाजूला बाळाचं टकटक टकटक,
कसं धावतंय बघा, इतक्या रात्री.
सिस्टर तीच, बुधवारची.
आज हसली नाही.
कागद बोटाने मोजला, बाईंना फोन लावला,
मग मांडीत सुई टोचताना म्हणाली,
"हे बाळाच्या फुफ्फुसांसाठी.
आता त्याला दोन दिवस तरी आत धरून ठेवायचा प्रयत्न करू.
बरं केलंत, आलात."

प्रयत्न, म्हणाली. नक्की नाही.

मी डाव्या कुशीवर वळले.
पडद्याच्या फटीत उजाडत होतं.
मुठीत अजून ते बिल,
घामाने ओलं, माझ्या पाच वेळा लिहिलेलं,
दुसऱ्या बाजूला एक हजार तीनशे चाळीस रुपये,
भरायची शेवटची तारीख: आज.